ताडपाड्यावरून गेलेली लाइन

लाहूला उंचीची भीती कधीच वाटली नाही. त्याला वैताग होता तो खाली उभं राहून वर बोट दाखवणाऱ्या माणसांचा. अशी माणसं त्याच्या आयुष्यात पंधराव्या वर्षापासून होती. आधी ती विचारायची, "मडकं भरलं का रे?" आता विचारतात, "नेट कधी येणार?" मान वर, बोट वर, आणि अक्कल होती तिथेच. हे लाहूचं मत, आणि लाहू आपली मतं खिशात ठेवून फिरणारा माणूस नव्हे.

तलासरीपासून आत, खडकशेत नावाच्या गावाचा एक पाडा म्हणजे ताडपाडा. बावीस घरं, एक अंगणवाडी, एक हातपंप. लाहू चौथी शिकला. पाचवीची शाळा चार किलोमीटरवर होती आणि ताड घराच्या मागेच होता, म्हणून लाहू ताडावर चढला. बाप काळ्याने पायात दोरीचा फास कसा घालायचा ते दाखवलं आणि सांगितलं, "वर गेल्यावर खाली बघू नको. खाली बघण्यासारखं काही नसतंच." पुढची वीस वर्षं लाहूने बोर्डी-घोलवडच्या वाड्यांमधून ताडी उतरवली. स्वतः मात्र तो थेंब घ्यायचा नाही. धर्म म्हणून नाही, सुधारणा म्हणून नाही. "सकाळी चाळीस ताड चढायचे असतात," तो म्हणायचा. "पिऊन चढायला मी काय वाडीचा मालक आहे?"

इंटरनेटच्या धंद्यात तो आला तोही झाडावरूनच. डहाणूच्या तुषारशेठचं केबलचं नेटवर्क होतं, टीव्हीचं संपून नेटचं सुरू झालेलं. एका वाडीतल्या बंगल्यापर्यंत फायबर न्यायची होती आणि मधे खांब नव्हता. तुषारशेठची दोन पोरं शिडी घेऊन एका ताडाशी झटत होती. शेजारच्या ताडावर लाहू होता. त्याने अर्धा तास तो तमाशा पाहिला, मग वरूनच ओरडला, "शिडी बाजूला घ्या आणि वायरचं टोक इकडे फेका. तुम्ही पडलात तर माझी मडकी फुटतील."

दहा मिनिटांत वायर बंगल्याच्या गच्चीत होती. तुषारशेठने त्याच दिवशी त्याला धरलं. "लाहूभाई, माझ्याकडे ये. मला चढणारा माणूस पाहिजे."

"आणि वर गेल्यावर काय करायचं?"

"ते शिकवतो."

शिकवलं, आणि लाहू महिन्याभरात शिकला. फायबरची काच केसासारखी बारीक असते, ती सोलायची, कापायची, आणि मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवून जोडायची. तुषारशेठकडच्या डिप्लोमावाल्या पोरांचे हात थरथरायचे. लाहूने वीस वर्षं ताडाच्या पोयीला, म्हणजे फुलोऱ्याच्या दांड्याला, रोज कागदाएवढी पातळ चकती मारलेली होती. जास्त कापली तर रस आटतो, कमी कापली तर येतच नाही. त्याला काचेचं काही विशेष वाटलं नाही.

विशेष वाटलं ते लोकांच्या घरांचं. राउटर म्हणजे एक साधा डबा, तो उघड्यावर, उंच, घराच्या मधोमध ठेवायचा, एवढं एकच वाक्य लाहूला सांगायचं असायचं. पण एवढं वाक्य ऐकून घेणारं घर त्याला अजून भेटायचं होतं. एका वाडीमालकाने चार अँटेनांचा महागडा राउटर लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला आणि तक्रार केली की पलंगावर रेंज येत नाही. एका बाईने धूळ बसते म्हणून त्याला क्रोशाचा झबला घातला. उन्हाळ्यात तो डबा इतका तापला की मांजर त्यावर बसायचं सोडून गेलं. एका निवृत्त मास्तरांनी सगळ्या अँटेना हॉलकडे वाकवल्या होत्या, नेट स्वयंपाकघराकडे वाहून जाऊ नये म्हणून. आणि एका घरात राउटर देव्हाऱ्यात होता. रोज हळदकुंकू. हवेसाठी ठेवलेल्या सगळ्या भोकांत कुंकू ठासून बसलेलं.

"बंद का पडतो हो हा?" त्या घरातले आजोबा म्हणाले.

"देव झालाय तो," लाहू म्हणाला. "देव कधी कोणाच्या कामाला आलाय?"

आजोबांनी तुषारशेठला फोन केला. तुषारशेठने लाहूला समज दिली. लाहूने मान डोलावली आणि पुढच्या घरी जाऊन टीव्हीमागे कोंबलेला राउटर बाहेर ओढला.

एवढं सगळं जगाला देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या पाड्यावर मात्र मोबाइलची एक दांडीही येत नव्हती. ताडपाड्यामागे टेकाडावर एक मोठा खडक होता. त्याच्यावर चढून उभं राहिलं की फोन जिवंत व्हायचा. लाहूची बायको रखमी अंगणवाडीची सेविका. ती दहावी पास, म्हणजे घरातली विद्वान. मुलांना खिचडी द्यायची, वजनं घ्यायची आणि या सगळ्याचे फोटो सरकारी ॲपवर चढवायचे, हे तिचं काम. खिचडी द्यायला अर्धा तास लागायचा, फोटो चढवायला खडकावर दीड तास.

"डहाणूतल्या मांजरांना नेट देतोस," ती लाहूला म्हणायची, "आणि तुझी बायको माकडासारखी खडकावर बसलेली असते."

"इकडे लाइन नाही. तुषारशेठची लाइन हायवेच्या पेट्रोलपंपापाशी संपते."

"मग तुझी अक्कल पण तिथेच संपते का?"

घरात त्याची मतं ऐकायला कोणी नव्हतं, कारण रखमीकडे स्वतःची पुरेशी होती.

तर एका फेब्रुवारीतल्या सोमवारी तुषारशेठने लाहूला बोलावलं. समोर खडकशेतचे ग्रामसेवक बसले होते, मनिष भाऊसाहेब. आठवड्यातून दोन दिवस मोटरसायकलवरून येणारे आणि उरलेले दिवस 'मीटिंगला' असणारे. आज चेहरा उतरलेला.

"गुरुवारी अकरा वाजता जिल्ह्यावरचे साहेब व्हिडिओवर येणार आहेत," भाऊसाहेब म्हणाले. "इंटरनेटने जोडलेल्या सगळ्या ग्रामपंचायतींशी बोलणार. आपली पंचायत दोन वर्षांपूर्वीच जोडली गेलीय."

"मग बोला की," लाहू म्हणाला.

"कागदावर जोडली गेलीय."

लाहूने दुपारी जाऊन पाहिलं. पंचायतीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात एक राउटर, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. राउटरमधून केबल निघाली होती, खिडकीतून बाहेर गेली होती, तीन खांब ओलांडून बारकीम्हातारीच्या अंगणात आली होती आणि तिथे शेवग्याच्या झाडाला दोन गाठी मारून संपली होती. तिच्यावर लुगडी वाळत होती.

"ही कोणी बांधली?" लाहूने विचारलं.

"तुमच्यासारखाच एक होता," बारकी म्हणाली. "म्हणाला, बाकीची उद्या आणतो. दोन होळ्या झाल्या. पण वायर मजबूत हां. सरकारची एवढी टिकलेली वस्तू मी दुसरी पाहिली नाही."

लाहू तुषारशेठकडे परत गेला. पंचायतीशी संबंध चांगले राहावेत म्हणून तुषारशेठ केबल द्यायला तयार होता. गोदामात जुनी ड्रमं पडलीच होती. नकाशा काढून त्याने बोटाने रेघ ओढली. "पंपापासून रस्त्याने सरळ पंचायत. तीन किलोमीटर. दोन दिवसांत होईल."

लाहू नकाशाकडे बघत राहिला. त्या सरळ रेघेच्या उजवीकडे, बोटभर अंतरावर, ताडपाडा होता. नकाशात तो दाखवलेलाही नव्हता.

"रस्त्याने होणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"खांब नाहीत. झाडं पण नाहीत. ताडपाड्यावरून न्यावी लागेल. तिकडे ओळीने ताड आहेत."

रस्त्याने दुतर्फा झाडं होती. चांगली जुनी, फांद्या रस्त्यावर आलेली. पण लाहूच्या माहितीप्रमाणे तुषारशेठ हायवे सोडून आत कधी आला नव्हता आणि भाऊसाहेब गाडी चालवताना झाडांकडे बघत नसत.

"लांब पडेल," तुषारशेठ म्हणाला.

"पडेल. म्हणून मधे एक जोर द्यायचा डबा लागेल. आणि स्विच. अंगणवाडीत वीज आहे, तिथे बसवतो."

तुषारशेठने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग गोदामाची किल्ली टेबलावर सरकवली.

मंगळवारी सकाळी लाहू कामाला लागला. दुपारी अंगणवाडी बंद करून रखमी आली. ड्रम तिने फिरवायचं, वायर लाहूने वर घ्यायची. पायात फास, कमरेला वायरचं टोक, दातांत वायर बांधायचा पट्टा. ताडाच्या मानेशी वायर बांधायची, वारा आला तर झुलायला ढील ठेवायची, खाली उतरायचं, पुढचा ताड. पाड्यातला हाल्या, ज्याला आयुष्यात कोणी काम करताना पाहिलं नव्हतं, तो खाटेवर बसून सूचना करत होता.

"थोडी डावीकडे घे."

"हाल्या, तू थोडा घरात घे," रखमी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत लाइन अंगणवाडीत पोचली. भिंतीवर लाहूने दोन छोटे डबे ठोकले, मधे स्विच: एक वायर आत, चार बाहेर जायची सोय. एक वायर पंचायतीच्या दिशेने निघणार होती. दुसरीला त्याने, कोणाला न विचारता, पिशवीतून आणलेला एक जुना राउटर जोडला. हिरवा दिवा लागला. रखमीने फोन हातात धरला होता. तो एकदम थरथरायला लागला, टिंग टिंग टिंग, खडकावरही न पोचलेले महिन्याभराचे निरोप एकदम घरात शिरल्यासारखे.

रखमी काहीच बोलली नाही. रखमी काहीच बोलली नाही असं लग्नाला सोळा वर्षं होऊन पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून लाहू घाबरला.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "सुपरवायझर बाईंचे सत्तावीस निरोप आलेत. सगळ्यात मला शिव्या आहेत. पण छपराखाली बसून वाचतेय."

बुधवारी लाइन बारकीच्या अंगणापर्यंत आली आणि तिथे ड्रम संपलं. पुढे पंचायतीपर्यंत सरकारचीच केबल वापरायची होती, म्हणजे बारकीची कपडे वाळवायची दोरी. भाऊसाहेब स्वतः आले.

"आजी, ही सरकारी मालमत्ता आहे. सोडा."

"मग सरकारला सांग, लुगडं ओलं आहे. वाळलं की ने."

भाऊसाहेबांनी आवाज चढवला. बारकीने तेवढ्याच शांतपणे दुसरं लुगडं पिळून वर टाकलं. शेवटी लाहूने आपल्या पिशवीतली नायलॉनची दोरी काढली, शेवग्याला बांधून दिली, आणि लुगडी एकेक करून स्वतः तिकडे हलवली. भाऊसाहेबांनीही एक टोक धरलं. त्यांचं गावातलं ते पहिलं दिसण्यासारखं काम. गाठ मारून मारून केबलची आतली काच तिथे चुरा झाली होती. तो तुकडा लाहूने कापून टाकला, टोकं जोडली, आणि संध्याकाळी पाचला पंचायतीतला राउटर, पिशवीतून काढल्यावर, चालू झाला.

गुरुवारी अकरा वाजता पंचायतीत टेबलावर लॅपटॉप होता, मागे फुलांची माळ. समोर सरपंच जिजाताई आणि भाऊसाहेब. लाहू कोपऱ्यात, काही झालं तर हाताशी असावा म्हणून. पडद्यावर साहेब, आणि बाजूला इतर पंचायतींच्या छोट्या छोट्या चौकटी. कुठे कोणी चहा पीत होतं, कुठे कोणी जांभई देत होतं, एका चौकटीत नुसतंच छत दिसत होतं.

"खडकशेत," साहेब म्हणाले, "दोन वर्षांचा अनुभव कसा आहे?"

भाऊसाहेबांनी ओठ ओले केले. त्यांच्या आधी जिजाताई बोलल्या. "साहेब, दोन वर्षांत एकदाही बिघाड झालेला नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. साहेबांनी समाधानाने मान हलवली आणि योजनेचं महत्त्व सांगायला लागले. भाऊसाहेबांनी नमस्कारासाठी हात जोडले, आणि त्याच क्षणी पडद्यावरचं सगळं थिजलं. साहेबांचं तोंड अर्धं उघडं. आवाज बंद.

"काय झालं?" भाऊसाहेब दातांतून म्हणाले. "लाहू! काय झालं?"

लाहूने राउटर पाहिला. दिवे हिरवे होते. मग त्याला आठवलं. तुषारशेठने दिलेलं कनेक्शन सगळ्यात लहान होतं, आणि त्याच्यावर अंगणवाडी बसलेली होती. तो बाहेर गेला आणि रखमीला फोन लावला. अंगणवाडीत नेट असल्याने, आणि नुसत्या आवाजाला फारशी जागा लागत नसल्याने, तो लगेच लागला. ताडपाड्याला असा लगेच फोन लागण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिली वेळ होती, पण कौतुक करायला वेळ नव्हता.

"रखमे, काय करतेस?"

"फोटो चढवतेय. दोन महिन्यांचे राहिलेत."

"थांबव! साहेब अडकलेत इकडे."

"किती साहेब?"

"एक."

"इथे चौतीस मुलं आहेत. आज शेवटची तारीख आहे, बाईंनी काल निरोप दिलाय. तुझ्या साहेबाला थांबायला सांग."

"रखमे, माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. ताड कुठे गेलेत?" आणि मग, जरा मऊ आवाजात, "चाळीसच फोटो उरलेत. पाच मिनिटं."

लाहूला ओरडायचं होतं. पण त्याने टेकाडाकडे पाहिलं. इथून खडक दिसत होता, रणरणत्या उन्हात, आणि त्याच्यावर कोणी नव्हतं. त्याने फोन खाली घेतला. आत जाऊन भाऊसाहेबांना म्हणाला, "पाच मिनिटं. लाइन श्वास घेतेय."

"लाइन श्वास घेते?"

"लांबून आलीय."

पाच मिनिटं भाऊसाहेब घामाघूम होऊन बसले. जिजाताईंनी माळेतलं एक फूल काढून वास घेतला. मग चित्र हललं, आवाज आला आणि साहेब बोलतच होते.

"...आणि मी मगापासून बघतोय," साहेब म्हणत होते, "कोणी चहा पितंय, कोणी फोनवर आहे. हे खडकशेतचे ग्रामसेवक बघा. हात जोडून, जराही न हलता, एकाग्रतेने ऐकतायत. याला म्हणतात शिस्त."

भाऊसाहेबांना काय करावं कळेना. त्यांनी पुन्हा हात जोडले.

शुक्रवारी भाऊसाहेबांनी राउटर परत कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन मीटिंगला गेले. लोखंडातून नेट बाहेर येत नाही, हे त्यांना लाहूने सांगितलं नाही. पुढच्या मंगळवारी कसल्याशा सहीसाठी ते ताडपाड्यावर आले तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर अर्धा पाडा बसलेला. हाल्या खाटेसकट तिथे हलला होता. लाहूचा बाप काळ्या कोणाच्या तरी फोनवर कुस्ती बघत होता आणि पडलेल्या पैलवानाला शिव्या देत होता. भाऊसाहेबांनी भिंतीवरचे डबे पाहिले, बाहेर जाणारी वायर पाहिली, आणि त्यांना उमगलं.

"लाहू, ही चोरी आहे. पंचायतीच्या लाइनवर तू..."

"कुठल्या लाइनवर?" लाहू ताडाखाली बसून फास दुरुस्त करत होता. "पंचायतीची लाइन दोन वर्षांपासून आहे, तुमची सही आहे खाली. ही तर गेल्या मंगळवारी पडली. ही वेगळीच असणार."

भाऊसाहेबांनी मोटरसायकलची किल्ली खिशात टाकली. मग ते ओट्यावर, हाल्याने सरकून दिलेल्या जागेत बसले, फोन काढला आणि हळूच म्हणाले, "पासवर्ड काय आहे?"

"रखमीला विचारा. मला पण सांगत नाही ती."

तुषारशेठला मात्र लाहूने स्वतःच सांगितलं. त्याच्याशी खोटं बोलणं लाहूला दोन आठवडे खुपत होतं. साहेबांना फसवण्यात त्याला काही वाटलं नव्हतं, पण हा माणूस त्याला ताडावरून उतरवून घेऊन आलेला. तुषारशेठने ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरची स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. "गेल्या गुरुवारी त्या लाइनवर एकवीस मोबाइल होते. मला दिसत नाही असं वाटलं तुला? आणि रस्त्याला झाडं नाहीत म्हणे. माझी सासुरवाडी तिकडेच आहे रे, लाहूभाई."

लाहू खाली बघू लागला. खाली बघण्यासारखं काही नव्हतं.

"अंगणवाडीचं राहू दे तसंच," तुषारशेठ म्हणाला. "आता उरलेल्या पाड्यांत पण ने. हायवेच्या आतला सगळा भाग तुझा."

मेमध्ये त्याला ओळखपत्र मिळालं. फोटोत लाहू असा दिसत होता की जणू कोणीतरी खाली उभं राहून त्याला बोट दाखवतंय. खाली छापलं होतं: फील्ड इंजिनिअर. रखमीने ते मोठ्याने वाचलं आणि हसून हसून तिला उचकी लागली. मग तिने ते पदराने पुसलं आणि खिळ्याला टांगलं.

काळ्याने विचारलं, "म्हणजे करतो काय तो?"

"चढतो," रखमी म्हणाली.

"ते तर आधी पण करत होता."

"आता खाली लोक वेगळे आहेत," लाहू म्हणाला, आणि ओळखपत्र तिथेच ठेवून, पिशवी खांद्याला लावून रानशेतला निघाला. तिथे कोणीतरी राउटर फ्रीजच्या आत ठेवला होता, तापू नये म्हणून.